तिवरखारची उघाडी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, गोष्ट सांगण्याची मला सवय नाही. माझे सारे आयुष्य उघडण्यात आणि मिटण्यात गेले, बोलण्यात नाही. कुठे अडखळले तर सांभाळून घ्या. मी एक जुनी उघाडी आहे. उरणच्या बाजूला, खाडीच्या काठी, तिवरखार नावाची भातजमीन आहे. तिच्या बांधात मी उभी आहे.

उघाडी म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. खार म्हणजे खाडीकडून मागून घेतलेली जमीन. पूर्वी तिथे भरतीचे पाणी खेळत असे. गावकऱ्यांनी चिखलाचा लांबलचक बांध घातला, खाडीला बाहेर ठेवले आणि आत भात लावले. पण नुसत्या बांधाने भागत नाही. पावसाचे पाणी आत साचते, त्याला बाहेर जायला वाट हवी. ती वाट म्हणजे मी. दगडी चौकट आणि तिच्यात वरून टांगलेली लाकडी झडप, एवढेच माझे रूप. ओहोटी लागली की आतले पाणी मला ढकलते आणि मी खाडीच्या बाजूला उघडते. भरती आली की खाडीचे पाणी मला उलट ढकलते आणि मी घट्ट मिटते. मला कुलूप नाही, चावी नाही. पाणी जे सांगते ते मी ऐकते.

माझे लाकूड पालीकडच्या डोंगरातले. तिथे मी सागाचे झाड होते. वारा त्या बाजूचा असला की बल्लाळेश्वराच्या देवळातली घंटा माझ्या पानांपर्यंत पोचत असे. पुढे ते झाड तुटले, बैलगाडीतून खाडीवर आले आणि होडीतून तिवरखारला उतरले. येसाजी नावाच्या सुताराने मला घडवले. फळ्यांना रंधा मारून त्याने त्यांना माशाचे तेल पाजले, इतके की गावातली मांजरे कित्येक दिवस माझ्याभोवती फिरत होती. झडप टांगून झाली तेव्हा तो म्हणाला, "बंद होनारं दार कोनीबी करतो. दोन्हीकडचं ऐकनारं दार करायचं म्हंजे काम हाय."

माझ्या कडेच्या फळ्या पुढे दोनदा बदलल्या. मग मी तीच उघाडी आहे का, असा प्रश्न मला कधी कधी पडतो. मधली रुंद फळी आणि वरचा लोखंडी दांडा येसाजीच्या हातचा आहे, त्या आधारावर मी स्वतःला तीच समजते. चूक असेल तर माफ करा.

माझी उमेदीची वर्षे फार चांगली गेली. दर उन्हाळ्यात गावाचा जोळ बांधावर येई. जोळ म्हणजे ज्यांची शेती एका बांधाच्या आसऱ्याला आहे, ती सारी घरे. प्रत्येक घरातून एक माणूस यायचाच. खाडीतला चिखल फावड्याने कापून त्याचे ढेपळे हातोहात पुढे जात आणि बांधाच्या जखमांवर बसत. मग आतमध्ये राता पिके. राता म्हणजे लाल तांदळाचे भात. थोड्याफार खारटपणाला ते दाद देत नाही. बांधालगतच्या खणात, म्हणजे पाण्याच्या खड्ड्यात, जिताडा मासा वाढे. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देत, आणि आमच्या गावचा हिरामण माझ्या दगडावर नारळ फोडत असे.

हिरामणचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बांध राखणारे. त्याच्या हयातीत खाडीचे पाणी एकदाही आत आले नव्हते आणि त्याला त्याचा फार अभिमान होता. संध्याकाळी तो बांधावरून परतू लागला की भेटेल तो माणूस त्याला एकच विचारी, "उघाडी बंद हाय ना?" आणि तो म्हणे, "बंद हाय." लोक एकमेकांना रामराम घालतात तसे ते झाले होते. मला त्यात थोडे खटकत असे. मी दिवसातून दोनदा मिटत होते, तशी दोनदा उघडतही होते. पण उघडण्याबद्दल कोणी विचारीत नसे.

मग पाट आला. डोंगराच्या पायथ्याशी छोटे धरण झाले आणि त्याचे गोडे पाणी कालव्याने खारीच्या वरच्या कडेपर्यंत पोचले. मित्रांनो, गावाला झालेला आनंद मी कधी विसरणार नाही. पावसाळ्यानंतर ओसाड पडणारी जमीन आता उन्हाळ्यातही हिरवी दिसू लागली. दुसरे भात आले, भेंडी आली, कलिंगडे आली. बायका बांधावर बसून कलिंगड फोडत आणि बिया थेट माझ्या अंगावर थुंकत. मला त्याचा राग येत नसे.

एवढे लांबून आलेले गोडे पाणी ओहोटीला माझ्यातून खाडीत जाते, हे लोकांना पाहवेना. पाणी वाया जाते असे त्यांना वाटले. म्हणून त्यांनी माझ्या झडपेला लोखंडी पट्टी ठोकली आणि मला बंद केले. पावसाळ्यातले जादा पाणी जावे म्हणून बांधात बरेच वर दोन पाइप बसवले. त्यांतून वरवरचे पाणी निघून जाई. तळाचे पाणी आतच राही.

सुरुवातीची काही वर्षे सगळे ठीक होते. मग एका उन्हाळ्यात शेतांच्या कडेला पांढरी रेघ दिसली. पुढच्या उन्हाळ्यात ती रेघ पसरली. सकाळच्या उन्हात जमीन अशी चमके की लांबून पाहणाऱ्याला वाटावे, कोणी चुना सांडला आहे. रोपांची टोके जळू लागली. लोकांनी जमीन चाखून पाहिली. मीठ होते.

इथे गावाची मोठी चूक झाली. पण त्या चुकीला मी हसू शकत नाही. खारीतल्या माणसाला लहानपणापासून एकच शिकवलेले असते, की मीठ म्हणजे खाडी. त्यामुळे मीठ दिसताच सगळे म्हणाले, खाडी कुठून तरी आत शिरते आहे. त्यांनी माझ्या फटींत सिमेंट भरले. तरी मीठ वाढले. त्यांनी आणखी सिमेंट थापले. मीठ आणखी वाढले. अखेर माझी झडप आणि चौकट मिळून एक भिंत झाली. नारळ फोडणे बंद झाले. माझ्यावर शेवाळ चढले. लोक माझ्याकडे संशयाने पाहू लागले, जणू मीच कुठून तरी पाणी आत घेत होते. इतक्या जणांना वाटते म्हणजे कदाचित खरेच माझ्यात दोष असेल, असे मलाही वाटू लागले होते.

एकेक शेत पडीक झाले. आसपासच्या गावांत मुरमाचे भराव टाकून कंटेनर ठेवायची आवारे उभी राहत होती. तिवरखारसाठीही तशी मागणी आली. हिरामणचा धाकटा मुलगा प्रज्योत ट्रेलर चालवतो. तो मनाने चांगला आहे, पण मेलेल्या जमिनीवर रडत बसणे त्याला पटत नव्हते.

"बाबा, इथं मीठच पिकतंय तं मिठागर तरी काढा. न्हायतर भराव टाकू द्या," तो एकदा माझ्याजवळ उभा राहून म्हणाला.

हिरामण म्हणाला, "येत्या पावसाळ्याचं भात बघू. न्हाय झालं तं तू बोलशील तसं."

हे बोलणे कमळने ऐकले. कमळ म्हणजे हिरामणची थोरली सून. तिचा नवरा बंदरात पाळीवर कामाला जातो. शेत तीच पाहते. तिचे शेत अगदी माझ्या पायाशी आहे. जमीन जाणार म्हणजे पहिल्यांदा तिचेच शेत जाणार, हे तिला आणि मला दोघींना कळले.

त्या उन्हाळ्यात एक लहानशी गोष्ट घडली. माझ्या चौकटीच्या बुडाशी चिंबोऱ्यांनी बिळे केली. चिंबोरी म्हणजे खेकडा. बांध राखणाऱ्याचा तो जुना वैरी. बिळे आरपार गेली आणि ओहोटीच्या वेळी आतले पाणी तिथून झिरपून खाडीकडे जाऊ लागले. हिरामणला ते दिसले तसा तो चिखलाचा ढेपळा घेऊन आला. कमळ शेतातच होती.

"मामा, थांबा. भोक बुजवू नका."

"का गो? बांधाला भोक पडलं तं बुजवू नको? उद्या घराला आग लागली तं इझवू नको बोलशील."

"पानी कुठल्या अंगाला चाललंय ते बघा की."

हिरामण वाकला. "बाहेर."

"आन आपल्या शेतात हिरवं कुठं हाय?"

त्याने मान वळवली. सारे उन्हाळी भात पिवळे पडले होते. फक्त बिळाकडे येणाऱ्या ओहळाच्या दोन्ही बाजूंना हिरवी पट्टी होती. कोणी हिरवे लुगडे वाळत घालावे तशी ती लांबट पट्टी सरळ माझ्या पायापर्यंत आली होती.

कमळने पिवळ्या भातातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. मग हिरव्या पट्टीतली माती चाखली. ती थुंकली नाही. नुसती ओठ पुसत उभी राहिली.

"माझं माहेर मिठागरातलं, तुमाला ठाव हाय," ती म्हणाली. "आमी काय करायचो? कोंड्यात, म्हंजे मिठाच्या वाफ्यात, पानी घ्यायचं, दार लावायचं, उन्हात ठेवायचं. पानी उडून जायचं आन मीठ ऱ्हायचं. मामा, आपन इथं तेच केलंय. फकस्त मीठ ओढायला मानूस ठेवला न्हाय."

"पन आपलं पानी गोड हाय. धरनाचं हाय."

"पानी गोड हाय. जमीन तं खाडीचीच हाय ना? मीठ खाली बसलंय. वरून पानी दिलं, त्याला जायला वाट न्हाय, मंग ते मिठाला घेऊन वर येतं. खाडी आत येत न्हाय, मामा. आतलं बाहेर जात न्हाय."

हिरामणच्या हातातून चिखल ओघळत होता. त्याने ते बीळ बुजवले नाही. पण उरलेला चिखल खाली टाकून तो वाटेला लागला. ज्याने आयुष्यभर दार बंद राखले, त्याला दार उघडा म्हणणे सोपे नव्हते. मला त्याची दया आली.

वैशाखात जोळ बांधावर जमला. आता थोडीच घरे उरली होती. कमळने सगळ्यांसमोर आपले म्हणणे मांडले. बराच गलका झाला. शेवटी शेजारच्या बौद्धवाडीतले रत्नपाल गुरुजी बोलायला उठले. त्यांचीही खारीत दोन शेते आहेत. घाटावरच्या शाळांत नोकरी करून ते निवृत्त होऊन आले होते.

"मी जिथे होतो तिथे उसाला कालव्याचे पाणी होते," ते म्हणाले. "पाऊस नावालाच पडायचा. खाडी नाही, समुद्र नाही. तरी कालव्याच्या कडेची चांगली काळी राने अशीच पांढरी पडली. पाणी भरपूर दिले आणि निचऱ्याची सोय केली नाही. मग लोकांनी खोल चर खणले, तेव्हा कुठे काही राने परत आली. कमळबाई म्हणते ते मला खरे वाटते."

सोनूबाई नावाची म्हातारी पुढेच बसली होती. तिची जीभ गावात प्रसिद्ध आहे. ती म्हणाली, "गुर्जी, इतकी वर्सं काय तोंडात पान होतं?"

गुरुजी हसले. "मलाही वाटायचे, तिकडचे दुखणे निराळे आणि इकडचे निराळे. खारीत मीठ म्हटले की मीही खाडीकडेच बघत होतो."

"मंग बसा आमच्यातच," सोनूबाई म्हणाली, आणि सरकून तिने त्यांना जागा दिली.

मग प्रज्योत उठला. त्याचे बोलणे मला सगळ्यांत जास्त लागले, कारण ते खरे होते. "वहिनी बोलते ते बरोबर असंल. पन ही म्हातारी उघाडी इतकी वर्सं चिणून ठेवलेली. सिमेंट फोडलंत, आन आषाढाच्या उधानाला ती मिटली न्हाय, तं एकट्या वहिनीचं शेत जानार न्हाय. अख्खी खार जाईल. जे थोडं पिकतंय तेबी."

उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मित्रांनो, मीही स्वतःकडे पाहिले. माझ्या फळ्यांत किती जीव उरला आहे, मला माहीत नव्हते. मिटायचे कसे, हे मला आठवेल का, याचीही खात्री नव्हती. मला बोलता आले असते तर मी म्हटले असते, दुसरी उघाडी शोधा.

हिरामण उठला. माझ्याजवळ आला आणि येसाजीच्या दांड्यावर त्याने हात ठेवला. "फोडा," तो म्हणाला. "मिटली न्हाय तं भरावाला पयला मीच हो बोलीन."

दुसऱ्या दिवशी छिन्नी आणि हातोड्यांचा आवाज खाडीभर घुमला. सिमेंटच्या कपच्या उडत होत्या. पट्टी निघाली. मग सगळ्यांनी मिळून झडप ओढली, पण मी जागची हलले नाही. दांडा गंजून खोबणीत बसला होता. मला फार लाज वाटली.

तेवढ्यात बांधावर प्रज्योत आला. एका हातात ग्रीसचा डबा होता आणि खांद्यावर ट्रेलरच्या जुन्या टायरचे कापलेले पट्टे.

"भावजी, तुमी तं भरावाकडचे ना?" कमळने विचारले.

"हाय की. पन करायचंच हाय तं नीट करा," तो म्हणाला आणि बाही वर करून माझ्या दांड्याला ग्रीस चोळू लागला. येसाजीचे माशाचे तेल आणि प्रज्योतचे ग्रीस यांत किती वर्षांचे अंतर होते. पण हात लावण्याची रीत मला तीच वाटली. त्याने टायरचे पट्टे झडपेच्या कडांना ठोकले, म्हणजे फट राहू नये. मग त्याने खांदा लावला. आधी एक कुरकुर झाली, मग मोठा कण्हण्याचा आवाज, आणि मी उघडले.

सोनूबाई म्हणाली, "बोलली गो बाय. इतक्या वर्सांनी बोलली."

पाऊस लागला. खार पाण्याने भरली. कमळने ते पाणी शेतात काही दिवस उभे राहू दिले, चिखल केला, ढवळले, आणि ओहोटी लागताच शेताच्या बांधातला नाका मोकळा केला. पाणी माझ्याकडे धावत आले. ते गढूळ होते, जड होते. त्याने मला ढकलले आणि मी बाजूला झाले. कमळने वाहत्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले, तोंड वेडेवाकडे केले आणि ती मोठ्याने हसू लागली. तोंड कडू करून इतके आनंदाने हसणारे माणूस मी पहिल्यांदाच पाहिले. मातीतले मीठ पाण्यात उतरले होते आणि पाण्याबरोबर घरी, खाडीकडे, चालले होते. पाऊस पुन्हा भरी, ओहोटी पुन्हा नेई. दर खेपेला कमळ बोट चाटून पाही, आणि दर खेपेला तिचे तोंड थोडे कमी वाकडे होई. मग तिने शेतात रात्याची आवणी, म्हणजे लावणी, केली. बाकीच्यांनीही धीर करून रोपे लावली.

आणि आषाढाची अमावास्या आली.

सकाळपासून वारा खाडीकडून होता. ओहोटीची शेवटची धार माझ्यातून वाहत असतानाच वाऱ्याने खाडीतून एक मोठी तुटकी फळी माझ्यापर्यंत ढकलत आणली. बंदरावर माल ठेवायला असतात तसल्या लाकडी चौकटीचा तो तुकडा होता. तो माझ्या झडपेखाली आडवा अडकला. भरतीने मला ढकलले. मी मिटू लागले आणि त्या लाकडावर आदळून थांबले. हातभर फट उरली. खाडीचे पाणी त्या फटीतून आत शिरू लागले.

मित्रांनो, इतकी वर्षे ज्याची सगळ्यांना भीती होती, ते माझ्या डोळ्यांदेखत होत होते. समोर कमळची रोपे होती, नुकती मूळ धरलेली. आणि मी उघडी होते.

हिरामणने वरून पाहिले आणि हाक घातली. कमळ धावत आली. काही न विचारता तिने पदर खोचला आणि ती खाडीच्या बाजूने चिखलात उतरली. पाणी तिच्या कमरेला होते, पाहता पाहता छातीला आले. तिने लाकडाला हात घातला, पण ते सुटेना. झडपेचा सारा भार त्याच्यावर होता.

"कमळ, वर ये," हिरामण म्हणाला. "शेत गेलं तं जाऊ दे. वर ये, पोरी."

"दोर टाका, मामा."

दोर आला तो प्रज्योतच्या हातातून. ट्रेलरवर माल बांधायचा जाड दोर होता. त्याचे एक टोक त्याने बांधावरच्या खुंटाला बांधले, दुसरे कमळकडे फेकले आणि स्वतःही पाण्यात उडी घेतली. त्याने पाठ टेकवून मला थोडे वर उचलले. तो म्हणाला, "वहिनी, आता." कमळने लाकडाला दोराचा फास घातला. बांधावर हिरामण होता, गुरुजी होते, सोनूबाई होती, आणखी चारदोन माणसे होती. सगळ्यांनी मिळून दोर ओढला. लाकूड कण्हले, फिरले आणि सुटून बाहेर आले. कमळ आणि प्रज्योत बाजूला झाले.

आता सगळे माझ्यावर होते.

मागे उधाण उभे होते. त्याने मला ढकलले. मला वाटले होते की मी विसरले असेन. पण अंगाला सवय असते, मित्रांनो. मी मिटले. टायरचे पट्टे चौकटीवर दाबले गेले, मधली फळी थरथरली आणि स्थिर झाली. आत येणारी धार बारीक झाली, मग तिचे थेंब झाले, मग थेंबही थांबले. बाहेर पाणी माझ्या माथ्यापर्यंत चढले. आतल्या बाजूला हिरामण गुडघ्यावर बसला आणि त्याने माझ्या कडेवरून बोट फिरवले. बोट कोरडे नव्हते, पण ते पावसाचे पाणी होते. त्याने चाखून खात्री केली.

"बंद हाय," तो म्हणाला.

पाण्यातून वर आलेल्या प्रज्योतच्या डोक्यावर शेवाळ होते. सोनूबाई त्याला म्हणाली, "काय रं, भराव टाकायला गेला होतास का खाली?" तो चिखलातच बसून हसला.

दिवाळीच्या सुमारास कमळचे शेत पिकले. सगळे नाही. वरच्या कोपऱ्यात अजून पांढरा डाग होता, तिथे रोपे खुरटलीच. मीठ यायला काही वर्षे लागली, ते जायलाही थोडी वर्षे लागणारच. पण बाकी शेत माझ्या पायापासून वरपर्यंत रात्याने लाल झाले होते. लोंब्या इतक्या वाकल्या होत्या की बांधावरून चालताना पोटऱ्यांना लागत. लांबच्या गावांतली माणसे ती पाहायला आली. ती माझ्याजवळ उभी राहत, माझ्याकडे बोट दाखवत, आणि मला कुठे पाहावे ते कळत नसे.

कंटेनरवाल्यांचा माणूस पुन्हा आला तेव्हा प्रज्योतच त्याच्याशी बोलला. "इथं जागा न्हाय," तो म्हणाला. "इथं भात हाय." त्या वर्षीचा राता त्याने स्वतःच्या ट्रेलरमधून गिरणीवर नेला. एवढ्या मोठ्या गाडीत एवढीशी पोती पाहून रस्त्यातले लोक हसले. त्याने भोंगा वाजवत सगळ्यांना मागे टाकले.

आता तिवरखारची बहुतेक सारी शेते परत लागली आहेत. उन्हाळ्यात पाटाचे पाणी येते, पण बेताने येते. शेताशेतांतून चर काढले आहेत आणि ते सगळे माझ्याकडे येतात. नारळी पौर्णिमेला माझ्या दगडावर पुन्हा नारळ फुटतो. खोबऱ्याचा तुकडा हिरामण आधी कमळच्या हातावर ठेवतो.

मित्रांनो, तुम्ही पुढे कुठे कुठे जाल. कोणी कोरड्या मुलखात जाल, तिथे नवे कालवे निघतील, रखरखीत माळ हिरवे होतील. तो आनंद खरा असेल, त्यात जरूर सहभागी व्हा. फक्त पाणी आले म्हणून सगळे नाचत असताना, ते पुढे कुठून जाणार, हे कोणाला तरी विचारा. आणि जाणारे दार कुठे चिणलेले, गंजलेले दिसले, तर त्याला थोडे तेल लावा. ते दार जुने असेल, त्याचा स्वतःवर विश्वास नसेल, तरी त्याला एकदा उघडून मिटू द्या. मला अशी संधी मिळाली. सगळ्यांना मिळत नाही.

हिरामण आता फार थकला आहे. तरी संध्याकाळी काठी टेकत बांधावर येतो, दांड्यावर हात ठेवतो आणि परत जातो. वाटेत भेटेल तो माणूस त्याला विचारतो. पण विचारणे आता बदलले आहे. कोणी ठरवून बदलले नाही, आपोआप बदलले.

"काका, उघाडी वाहते ना?"

आणि तो म्हणतो, "वाहते."

हे मी बांधात उभी राहून रोज ऐकते.